तिसऱ्या हाकेपर्यंत

माझं नाव घेतलं तेव्हा मी तिथेच बसले होते, दारापासून दुसऱ्या खुर्चीवर, पाय जुळवून, ताईचा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि तरी मी उठले नाही. ऐकू आलं नाही असं नाही. स्वच्छ ऐकू आलं. काचेच्या टेबलामागच्या मुलीने माझं नाव वाचलं, मान वर करून खोलीभर एक नजर टाकली, मग पुढचं नाव घेतलं, आणि एक दाढीवाला मुलगा टुणकन उठून आत गेलासुद्धा. मी आपली वाट बघत बसले. कशाची, ते मला खुर्चीच्या लोखंडी दांडीवर घट्ट आवळलेली माझीच बोटं दिसली तेव्हा कळलं. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. आणि दुसरी आली असती तर तिसरीची.  मला वाटलं होतं ते कधीच सुटलं, दुधाच्या दातांसारखं पडून गेलं. शहरात तिसरं वर्ष माझं. रस्ता ओलांडते, शाळेत भांडते, ताईच्या खोलीमालकिणीला तोंडावर उत्तर देते, आणि गेल्या वर्षापासून तर मला गप्प बसवणं हेच एक काम होऊन बसलंय असं वर्गशिक्षिका म्हणतात. आणि इथे, नोकरीच्या दारात, पंख्याखाली, माझं अंग माझ्या आधी वर डोंगरावर जाऊन आत्याच्या दाराशी उभं राहिलं होतं.

कारण आत्याने शिकवलंय. आमच्याकडे पोर चालायला लागलं की आधी हे शिकवतात, मग बोलायला. हाक आली की लगेच ओ द्यायची नाही. झाडीत काहीतरी आहे, ते ओळखीच्या आवाजात हाक मारतं. आईच्या, भावाच्या, कुणाच्याही. पण त्याला दम नाही. एकदा मारतं, फार हावरट असेल तर दोनदा. तिसऱ्यांदा मारत नाही. "ज्याला तू खरंच हवी असतेस ना भिंगरे, तो तीनदा बोलावतो," आत्या म्हणायची, "बाकीच्यांना नुसती कुणीतरी हवी असते." भिंगरी म्हणजे मी, एका जागी ठरत नसे म्हणून. आत्या चुलीशी बसलेली असली तरी मला तीनदाच बोलवायची, मी समोर दिसत असले तरी. पहिली हाक साधी, दुसरी लांब, आणि तिसरी नेहमी जरा चिडलेली, कारण तोपर्यंत भाकरी करपायला आलेली असायची. त्या चिडण्यानेच जीव भांड्यात पडायचा.

शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा यापायीच माझी कितीतरी हजेरी बुडाली. बाई नाव घ्यायच्या, मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, बाई गैरहजर लिहून मोकळ्या. पोरं मला खांब म्हणायला लागली. मग मी शिकले. नाव येण्याआधीच, वरच्या नावालाच श्वास भरून ठेवायचा आणि आलं की "हजर" असं फेकायचं, चेंडूसारखं. ते फेकता फेकता मला माझा आवाज सापडला. खरंच, तोपर्यंत तो कुठे होता कोण जाणे. वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी बोलले आणि मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली, तेव्हा घशात काहीतरी उघडल्यासारखं झालं, एखाद्या बंद खोलीची खिडकी मिळावी तसं. त्यानंतर मी ऐकते कुणाचं. जिन्यात गाते, नळावर भाषण करते. ताई म्हणते, "पूर्वी हिचं तोंड उघडायला विळी लागायची, आता मिटायला कुलूप लागतं."

तर सुटी लागल्यावर मला नोकरी हवी होती, आणि नुसती हौस म्हणून नव्हे. ताई एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुते, त्यावर दोघींचं निभत नाही, हे तिने सरळ सांगितलं होतं. शाळा उघडायच्या आत तुला काही काम मिळालं तर पुढचं वर्ष इथे, नाहीतर वर. वर म्हणजे आत्याकडे, आणि वर शाळा नाही. मी म्हटलं, त्यात काय, मला काय धाड भरलीय. पण दर ठिकाणी काहीतरी निघायचंच. शोभेच्या वस्तूंच्या दुकानातला मालक भला माणूस होता, त्याने चहासुद्धा पाजला, मग म्हणाला, तू आदिवासी ना, मग मणी घाल, पानांचा झगा घाल, दारात उभी राहा, गिऱ्हाईक फोटो काढेल. मी म्हटलं, आमच्यात असा झगा कुणी घालत नाही. तो म्हणाला, ते गिऱ्हाइकाला कुठे माहितीय. दुसरीकडे जमीन मोजणीच्या कचेरीत काम होतं, काठ्या धरून उभं राहायचं, आणि ज्या उतारावर धरायच्या तो आमच्याच वस्तीखालचा उतार निघाला. दोन्हीकडून मी परत आले. ताई चादरीसारखीच पांढरी पडली. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तुला नोकरी पाहिजे की नोकरीने तुझ्या पाया पडायला पाहिजे?" मी म्हटलं, पाया नको पडू दे, पायावर पायही नको देऊ दे. तिला हसू आलं, पण तिने ते ओठातच धरून ठेवलं, आणि त्या हसू दाबण्याचीच मला भीती वाटली.

म्हणून त्या दिवशी, दाढीवाला बाहेर आल्यावर, मी उठून काचेच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, माझं नाव मगाशी झालं, मी होते. "मग ओ का नाही दिलीस?" मुलीने विचारलं. आतल्या दारात गळ्यात हेडफोन अडकवलेल्या एक बाई उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. आणि मी, लाजायच्या ऐवजी, सांगत सुटले. झाडीतलं ते, पहिली हाक, दुसरी हाक, तिसरी. हात करून, आवाज काढून, आत्याची नक्कल करून. माझ्या गोष्टीवर कुणी हसलं की मला अजून चेव येतो. हेडफोनवाल्या बाई इतक्या हसल्या की त्यांनी दाराची चौकट धरली. "वा," त्या म्हणाल्या, "हे मस्तंय. ये, आत ये. तीनदा बोलवू का?"

आतली खोली स्पंजची होती. भिंती, छत, दाराची मागची बाजू, सगळीकडे काळ्या स्पंजच्या टोकदार रांगा, मगरीच्या तोंडात शिरल्यासारखं. दार लागलं आणि बाहेरचं जग कुणीतरी कापून घेतलं. आधी मला वाटलं कान बंद झाले. मग माझंच रक्त ऐकू आलं. काचेपलीकडून बाईंचा आवाज कानात आला, अगदी माझ्या डोक्याच्या आत बसून बोलल्यासारखा. घाबरू नकोस. सूचना असतील फोनवरच्या, दवाखान्याची गाडी कधी येणार, वारं कधी सुटणार, तुमच्या बोलीत. तुमच्या बोलीतलं कुणी मिळतच नव्हतं. घरी काय म्हणतात तुला, ते म्हण, आवाजाचा अंदाज घेते. मी म्हटलं, भिंगरी. पुन्हा. भिंगरी. मग आकडे, मग झाडांची नावं, मग अर्थ नसलेले तुकडे, आ, ऊ, खा, ली. मला मजा वाटायला लागली होती. एवढ्या शांततेत माझा आवाज केवढा मोठा होता, त्याला सावलीसुद्धा नव्हती. शेवटी बाई म्हणाल्या, आता एक नमुना दे. कुणालातरी घरातून बाहेर बोलाव. नाव नको, नातं नको, सगळ्यांना चालेल असं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, मी आलेय, बाहेर या. आमच्या बोलीत ते दोनच शब्द होतात. सुटीत वर गेले की पायवाटेच्या वळणावरून मी हेच ओरडते. डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडे बाई माझ्याकडे बघत होत्या. "कळलं नाही मला एक अक्षर," त्या म्हणाल्या, "पण मी उठायला लागले होते."

सोमवारपासून ये, या कागदावर मोठ्या माणसाची सही घेऊन ये, एवढंच ऐकून मी घरी कशी आले ते विचारू नका. ताईने कागद वाचला, परत वाचला, मग मला नळाखाली ढकलून माझं डोकं भिजवलं, लहानपणी भिजवायची तसं. "बोलायची नोकरी," ती म्हणत होती, "अगं बाई, बोलायची. हिला श्वास घ्यायचे पैसे मिळणार." तिच्या हातांना दवाखान्याच्या साबणाचा वास येतो, तो डोक्यावरून ओघळत माझ्या तोंडात गेला, कडू. त्या कडवटपणासकट मी हसत होते.

आत्याचा फोन रविवारी दुपारी आला. आत्याकडे फोन म्हणजे वळचणीच्या खिळ्याला टांगलेला एक जुना डबा, कारण तेवढ्या एकाच जागी त्याला सिग्नल मिळतो. तो सगळ्या वस्तीचा आहे, आणि बोलतो एवढ्या मोठ्याने की चार घरांना ऐकू जातं. ताईने आमचा फोन जमिनीवर ठेवला, आम्ही दोघी त्यावर ओणवलो. आत्याने तीनदा हाक मारल्यावर मी ओ दिली.

"तू आली होतीस का गं?" आत्याने विचारलं.

"कुठे?"

"इथे. काल तिन्हीसांजेला. आवाज आला तुझा, मी आलेय, बाहेर या. सर्दी झाल्यासारखा होता, पण तुझाच. एकदाच आला. म्हणून मी काही ओ दिली नाही. शेंगा सोलत होते, सोलत बसले."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मग?"

"मग काय. खिळ्यावरून आला आवाज. शेजारच्या बाबांनी बटण दाबलं होतं. त्यांची लेक गेलीय ना तुमच्या शहरात, किती वर्षं झाली, पत्ता नाही. ते उठले आणि काठी न घेताच गेले वळणापर्यंत. मी तीनदा हाक मारून आणलं परत. आज सकाळपासून पुन्हा तिथेच जाऊन बसलेत. जेवले पण नाहीत. म्हणतात, आलीय, वर चढायला वेळ लागतो तिला."  मागे कुठेतरी कोंबडी ओरडली. "तू नव्हतीस ना पण?"

मी म्हटलं, नव्हते. ते खोटं नव्हतं. आणि माझ्याच तोंडातून येताना ते मला इतकं परकं वाटलं की मी घशाला हात लावून बघितला. घसा जागेवर होता. पण तो आवाज आता तिथेही होता, खिळ्यावर, वळचणीखाली, माझ्याशिवाय. मी इथे दात घासत असेन, गणितं सोडवत असेन, आणि तो वर कुणाच्या तरी दाराशी जाऊन उभा राहील, पाय नसलेला, घाम नसलेला. काका आठवले. आत्याचे धाकटे भाऊ. मी लहान असताना एकदा काका कुंपण बांधत होते. खालून हाक आली, आमच्या बोलीत, अगदी आमच्या हेलात, आणि ते पहिल्याच हाकेला ओ देऊन उतरून गेले. झाडीतलं काही नव्हतं ते. कागद घेऊन आलेली माणसं होती, त्यांनी दोन शब्द शिकून घेतले होते. काका संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांचा अंगठा निळा होता. खालचा उतार त्यानंतर आमचा राहिला नाही. पण मला उतार आठवत नाही, काका आठवतात. त्यांनी पुढे कुणाच्याच हाकेला ओ दिली नाही, तिसऱ्या नाही, दहाव्या नाही. जेवायला बोलवायचं तर आत्याला मागून जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायला लागायचा. मग ते हळूच वळायचे, आणि कोण आहे हे बघितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी कधीच कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. सुटका झाल्यासारखं काहीतरी. मला तो हात लावायचं काम फार आवडायचं. मी धावत जायची.

ताई उठली. शर्टाला इस्त्री करत राहिली, झालेल्या शर्टाला पुन्हा. मग म्हणाली, "तू नाही केलंस तर दुसरी कुणी करेल." मी म्हटलं, करू दे, तिची आत्या तिला विचारेल. "आणि तू? पुढचं वर्ष?"  ताईने कागदावर सही केली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात सरकवली. "माझ्याकडून सही आहे. द्यायचा की फाडायचा ते तुझं तू बघ. उद्या मला दोष देऊ नकोस." आणि मग, माझ्याकडे पाठ करून, "बाबा अजून तिथेच बसले असतील का गं?"

सोमवारी काचेच्या टेबलामागच्या मुलीने मला हसून आत सोडलं. हेडफोनवाल्या बाई खूश होत्या, इतक्या की मला बोलायला जागाच मिळेना. मी म्हटलं, माझा आवाज परवा आमच्या वस्तीत वाजला. त्या म्हणाल्या, हो, नमुना पाठवला होता मी, त्यांनी लगेच लावूनही बघितला वाटतं. त्यांनी म्हणजे कुणी, मी विचारलं. "ते नाही का, वरच्या वस्त्या खाली हलवणार आहेत ते. लोक दारच उघडत नाहीत गं माणसांना. आधी बाहेर तर यायला हवेत. तुमच्याच भल्याचं आहे, खाली दवाखाना आहे, शाळा आहे." त्या वाईट नव्हत्या. हे मला अजूनही सांगावंसं वाटतं. माझ्यासाठी त्यांनी आल्याच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या, घशासाठी. मी म्हटलं, तो पुसून टाका. त्या म्हणाल्या, "पुसून काय, तो आता तिकडे गेला. आणि अगं, तुला थोडंच बोलायचंय प्रत्येक वेळी? तुझे तुकडे घेतलेत ना, मशीन जुळवतं. ऐक." त्यांनी बटण दाबलं आणि मी बोलायला लागले. दारं उघडी ठेवा, असं मी म्हणत होते. माणसं येतील, त्यांच्याबरोबर खाली उतरा. मी ते कधीच म्हटलेलं नव्हतं. उच्चार स्वच्छ होते. श्वास मात्र कुठेच नव्हता. एवढं लांब वाक्य मी एका दमात म्हणूच शकले नसते.

"आधी फारसं कुणी बाहेर आलं नाही म्हणे," बाई सांगत होत्या, "त्यांना कळेना का. मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. तीन हाकांची. काय खूश झाले. आता मशीन तीनदा हाक मारणार. नावानिशी. बघ, तुझ्यामुळे सुचलं."

मला वाटलं त्या स्पंजच्या खोलीचं दार पुन्हा लागलं. काही ऐकू येईना, फक्त रक्त. माझी नक्कल आठवली, हात करून, आवाज काढून, आणि चौकट धरून हसणाऱ्या बाई. आमच्याकडे पोराला चालण्याबरोबर देतात ते मी इथे उभ्या उभ्या, हसवायला म्हणून, देऊन टाकलं होतं. काकांनी निदान अंगठा तरी दिला होता, त्यांच्याकडून मागून घेतला होता. माझ्याकडून कुणी मागितलंही नव्हतं. खिशातला कागद काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवला, उभा आडवा फाडून. बाई तुकड्यांकडे बघत राहिल्या. "अगं पण का?" त्यांनी खरोखर विचारलं. "काम चांगलंय. तुझा आवाज वाया जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. सांगण्यासारखं आणखी खूप होतं, मी स्पर्धा जिंकलेली मुलगी, मला दहा वाक्यं सुचत होती. पण त्या खोलीत आता मला एक अक्षर ठेवून जायचं नव्हतं.

जिन्यात आले आणि मागून हाक आली. भिंगरी. माझ्याच आवाजात. बाईंनी मला थांबवायला लावली असेल, किंवा पुढच्या कुणाला दाखवायला. दार अर्धवट उघडं होतं. मी कठडा धरला. भिंगरी, पुन्हा आली. सगळ्या अंगाला ओ द्यायची होती, कारण स्वतःच्या हाकेला ओ नाही द्यायची तर कुणाच्या. मी ओठ दातांखाली धरले. आणि मग तिसरी आली. भिंगरी. पहिलीइतकीच गोड. अंतर तेवढंच. चिडलेली नव्हती. भाकरी करपायला आलेली नव्हती कुणाची. एवढंच एक मी बाईंना सांगितलं नव्हतं, की तिसरी चिडलेली असते, आणि क्षणभर मला हायसं वाटलं. मग वाटलं, त्यात काय, उद्या तेही शिकेल.

खाली रस्त्यावर येऊन मी आत्याला फोन लावला. खिळ्यावरचा डबा वाजत राहिला, मग कुणीतरी बटण दाबलं, बाबा असतील, कारण कुणी बोललं नाही, फक्त श्वास ऐकू आला, म्हातारा, आशेने थांबलेला. मी ओरडले, आत्या. गाड्या जात होत्या. आत्या, लांब. मग तिसऱ्यांदा, आणि ती आपोआप चिडकी आली, रडकी आणि चिडकी. "ओ," आतून आत्या म्हणाली. किती विश्वासाने म्हणाली. 

"आत्या, आता तिसऱ्या हाकेलाही ओ देऊ नकोस. माझी असली तरी. सगळ्यांना सांग. बाबांनाही."

 डब्यातून वळचणीचा वारा ऐकू येत होता. "मग गं," तिने विचारलं, "माणूस कसं ओळखायचं?"

समोरून ताई येताना दिसली, धुलाईघराच्या निळ्या कपड्यांत, सुटी न मागता आलेली असणार. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नोकरीचं काही विचारलं नाही.

"मी येतेय वर," मी म्हटलं. "खरीच येतेय, आज निघते. वळणावरून हाक नाही मारणार. तू दाराकडे पाठ करून बस. मी मागून येईन आणि खांद्याला हात लावीन. मग वळ."